न बसणारे चार नमुने आणि गोचिडीची पिल्लं

परवा लॅबमधल्या एका ज्युनियरने विचारलं, "ताई, साठांपैकी चार नमुने पॅटर्नमध्ये बसत नाहीयेत. काढून टाकू का? तसंही कंटॅमिनेशनच असणार." मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. दोन नमुन्यांचा बँड भलत्याच आकाराचा आला. वहीत "कंटॅमिनेशन" लिहिलं, नमुने टाकून दिले. सहा महिन्यांनी त्यांचीच गरज पडली, तेव्हा हातात फक्त तो एक शब्द होता.

म्हणून आज तुम्हाला एका जीवाणूचा इतिहास सांगते. नाव बोरेलिया मियामोटोई. गोचिडीतून पसरणारा आजार म्हटलं की आपल्याला सिंधुदुर्गातला माकडताप आठवतो, पण तो विषाणूचा. हा जीवाणूचा, आणि उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांतल्या जंगलांमधला.

गोष्ट सुरू होते लाइम आजारापासून. 1975 च्या सुमारास अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या लाइम परिसरात मुलांचे सांधे सुजायला लागले. कारण सापडायला काही वर्षं गेली. 1981 मध्ये मोंटाना राज्यातल्या रॉकी माउंटन लॅबोरेटरीजमध्ये विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडच्या गोचिडी तपासत होते. शोधत होते रिकेट्सिया, दिसले मळसूत्रासारख्या पिळाचे जीवाणू, म्हणजे स्पायरोकीट. दुसरा कुणी असता तर कदाचित पुढची स्लाइड घेतली असती. पण बर्गडॉर्फर यांनी स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरेट केली होती तीच गोचिडीतल्या स्पायरोकीटवर, आणि ते थांबले. 1982 मध्ये शोधनिबंध आला आणि पुढे त्या जीवाणूला नाव मिळालं बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

आता थोडी इकॉलॉजी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही गोचीड आयुष्यात जेमतेम तीन वेळा रक्त पिते: सहा पायांची लार्व्हा असताना एकदा, निंफ झाल्यावर एकदा आणि प्रौढ मादी अंडी घालण्याआधी एकदा. लार्व्हा बहुधा पांढऱ्या पायांच्या उंदरासारख्या छोट्या प्राण्याला चिकटते. लाइमचा जीवाणू तिला मिळतो तो तिथेच. अंड्यातून येताना ती कोरी असते. म्हणून लाइमच्या बाबतीत माणसाला धोका निंफपासून पुढे, लार्व्हापासून नाही.

पण हे चित्र पूर्ण स्वच्छ नव्हतं. लाइमवर काम करणाऱ्यांना अधूनमधून अशा लार्व्हा सापडत, ज्यांनी अजून एकदाही रक्त प्यायलेलं नाही आणि तरी पोटात स्पायरोकीट आहेत. प्रमाण फार कमी. स्पष्टीकरण तयार होतं: लाइमचा जीवाणू क्वचित आईकडून अंड्यात उतरत असावा. हे वाक्य पेपरांमध्ये बसलं आणि बरीच वर्षं बसून राहिलं.

इकडे जपानमध्ये 1995 साली फुकुनागा आणि सहकाऱ्यांनी होक्काइदो बेटावरच्या गोचिडींमधल्या एका वेगळ्या बोरेलियाचं वर्णन केलं. केंजी मियामोतो या कीटकशास्त्रज्ञांवरून त्याचं नाव ठेवलं. गंमत अशी, की जनुकीय नात्याने तो लाइमच्या कुळातला नव्हताच, तर पुन्हा पुन्हा उलटणारा ताप आणणाऱ्या बोरेलियांच्या कुळातला होता. त्या कुळातले जीवाणू उवा किंवा मऊ अंगाच्या गोचिडींमधून पसरतात, अशी तोवरची समजूत. हा मात्र राहत होता कडक पाठीच्या, लाइम पसरवणाऱ्या गोचिडीत. तेव्हा त्याने माणूस आजारी पडतो असं कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे फारसा गाजावाजा झाला नाही.

2001 मध्ये स्कोल्स, फिश आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या चार राज्यांतल्या 712 निंफ तपासल्या. त्यांतल्या सुमारे 2 टक्के निंफमध्ये याच्याच जवळचा जीवाणू निघाला. त्या पेपरमधल्या दोन गोष्टी नीट वाचा. पहिली, हा जीवाणू मादीकडून अंड्यात खरोखर उतरतो. दुसरी, लाइमचा जीवाणू ओळखायला अनेक जण जी अँटीबॉडी आणि जे प्रायमर वापरत होते, ते यालाही "हो" म्हणत होते.

लक्षात आलं ना? लार्व्हांमधले ते जुने, न बसणारे स्पायरोकीट बहुधा लाइमचे नव्हतेच. 2013 मध्ये जुन्या अहवालांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हीच शक्यता पुढे आली. निरीक्षण बरोबर होतं, चुकलं होतं ते त्याचं नाव. चाचणी "स्पायरोकीट आहे का?" एवढंच सांगत होती आणि आपण "लाइम आहे" असं ऐकत होतो.

2011 मध्ये रशियातल्या येकातेरिनबर्गहून 46 रुग्णांचा अहवाल आला: खूप ताप, काहींना तो उलटून आलेला, लाइमचा ओळखीचा चट्टा मात्र क्वचितच. 2013 मध्ये अमेरिकेतही रुग्ण नोंदले गेले. न्यू इंग्लंडमध्ये साठवून ठेवलेले जुने सीरम तपासले, तर त्यातही या जीवाणूच्या अँटीबॉडी मिळाल्या. म्हणजे ज्याला आपण "उदयोन्मुख" म्हणतो तो आजार आधीपासूनच लोकांना होत होता. उदय झाला तो आपल्या चाचण्यांचा. आणि धोक्याचं वेळापत्रकही बदललं: जन्मतःच जीवाणू घेऊन आलेली लार्व्हा पहिल्याच चाव्यात तो उंदराला देऊ शकते, हे पुढे प्रयोगांतून दिसलं.

एक सावधगिरी. यावरून "प्रत्येक विचित्र नमुना म्हणजे शोध" असं समजू नका. दहापैकी नऊ वेळा ते कंटॅमिनेशनच असतं. पण ते कंटॅमिनेशन आहे हेही दाखवावं लागतं. कंट्रोल पुन्हा लावा, दुसरा जीन घेऊन बघा, जमलं तर सिक्वेन्सिंगला पाठवा. आणि स्वतःला विचारा: माझी चाचणी नक्की कशाला "हो" म्हणते?

ज्युनियरला मी एवढंच सांगितलं, की ते चार नमुने उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये वेगळ्या डब्यात ठेव आणि वहीत "कंटॅमिनेशन" लिहू नकोस. जे दिसलं ते लिही, तारखेसकट. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी ते पुन्हा लावणार आहोत.