उभ्या झाडाचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यात वनपाल होतो तेव्हा झाडाचा भाव मला तोंडपाठ असे. अर्थात आडव्या झाडाचा. कूपकटाई, म्हणजे जंगलाच्या ठरवून दिलेल्या तुकड्यातली तोड, झाली की लठ्ठे डेपोत यायचे. घेर आणि लांबी टेपने मोजायची, घनमीटर काढायचे, थप्प्या लावायच्या. लिलावाच्या दिवशी ठेकेदार लठ्ठा ठोकून आवाज ऐकायचे. आतून पोकळ साग बद्द वाजतो. आमच्या बल्लारपूरच्या सागवानाचा मान अजून टिकून आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी ते इथूनच वाजतगाजत गेलं. पण जे झाड तोडायचंच नाही, त्याच्यासाठी आमच्या कुठल्याच रजिस्टरात रुपयांचा रकाना नव्हता.

ही खतावणी इंग्रज साहेबाने घालून दिलेली. रेल्वेचं जाळं पसरत होतं, स्लीपरना लाकूड हवं होतं. 1864 मध्ये ब्रँडिस हा जर्मन माणूस वनखात्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल झाला आणि जंगलाची मोजदाद सुरू झाली. खात्याच्या परीक्षेसाठी आम्ही 1927 चा वन कायदा घोकला. त्यात वनोपजाची व्याख्या आहे: लाकूड, कोळसा, कात, लाख, मोहफूल, हिरडा, आणि पुढे वन्य प्राणी, कातडी, शिंगं, हाडं, मध, मेण. वाघाचा निराळा उल्लेख नाही; तो ‘वन्य प्राणी’ या दोन शब्दांत मधामेणाच्या ओळीत बसतो. मेल्यावर मात्र त्याची रोख किंमत होती, कारण वाघ मारणाऱ्याला सरकार इनाम द्यायचं. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशात ऐंशी हजारांवर वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प आला, पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. जिवंत वाघाची किंमत रुपयांत सांगा, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

उभ्या झाडाला रुपयांत मांडायचं धाडस केलं कलकत्ता विद्यापीठाच्या प्राध्यापक टी. एम. दास यांनी, 1979 साली. पन्नास वर्षं जगलेल्या मध्यम झाडाचा त्यांनी हिशेब केला. प्राणवायू अडीच लाख, जमिनीचा कस अडीच लाख, पाणी आणि आर्द्रता तीन लाख, पशुपक्ष्यांचा आसरा अडीच लाख, हवेची सफाई पाच लाख, प्रथिनं वीस हजार. एकूण 15 लाख 70 हजार. लाकूड, फळं, फुलं यात धरलेलीच नाहीत! वनमहोत्सवाच्या कुठल्याही भाषणात हा आकडा हमखास यायचा आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. मला प्राणवायूचा रकाना तेव्हाही खटकायचा. झाडही श्वास घेतं, पडलेलं पान कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. जुन्या जंगलात जमाखर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. बरं, हे पंधरा लाख कुणाकडून वसूल करायचे, हेही दासांनी सांगितलेलं नाही.

वसुलीचा रस्ता निघाला कोर्टातून. निलंबूरच्या टी. एन. गोदावर्मन यांनी 1995 मध्ये गुडलूरच्या वृक्षतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्यांची याचिका देशभरच्या जंगलांचा खटला होऊन बसली. 2002 मध्ये न्यायालय म्हणालं, खाणीला किंवा धरणाला जंगल हवं असेल तर झाडं लावण्याच्या खर्चाशिवाय त्या जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्यही भरा. आमच्या कचेरीत सगळे त्याला एनपीव्हीच म्हणत. दर कसा काढायचा यावर अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांची समिती बसली. 2008 मध्ये हेक्टरी 4.38 ते 10.43 लाख असे दर ठरले. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. 2022 मध्ये वरचा दर 15.95 लाखांच्या घरात गेला. मला हा पाचपट-दहापटीचा नियम सगळ्यांत बोलका वाटतो. वन्यजीवांच्या घराला सरकारी दरपत्रकात पहिल्यांदा वेगळी जागा मिळाली, आणि तीही जागा रिकामी करून मागणाऱ्याचा अर्ज आला म्हणून. न तोडलेल्या जंगलाचं चलान कुणाच्याच नावे फाटत नाही.

तोडण्याचा अर्ज समोर नसताना झालेला मोठा हिशेब 2015 चा. भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेने सहा व्याघ्रप्रकल्पांचं वर्षाचं देणं काढलं: रणथंबोर सुमारे 830 कोटी, पेरियार 1,760 कोटी. पाणी, माती, जनुकसंपदा, सगळं धरून. पुढच्या फेरीत मेळघाट आलं. ताडोबा दोन्ही याद्यांत नाही, आणि चंद्रपूरकर म्हणून मला ते लागलं, हे लपवत नाही.

मग 2021. पश्चिम बंगालातल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी तोडायच्या झाडांचं प्रकरण तेव्हाचे सरन्यायाधीश, नागपूरचेच शरद बोबडे यांच्या पीठापुढे होतं. न्यायालयाच्या समितीने सांगितलं, झाडाच्या वयाला 74,500 रुपयांनी गुणा. त्यातले 45,000 प्राणवायूचे. म्हणजे दासांचाच रकाना, चाळीस वर्षांनी.

आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून सहा हेक्टरांचा जुना सागवनाचा तुकडा आहे. मूल्यांकनाच्या कितीतरी आधी खात्याने तो न तोडता राखला. 2014 मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झाला. एनपीव्हीचा सर्वांत वरचा दर लावला तर अख्ख्या तुकड्याचे साधारण 96 लाख होतात. दासांच्या हिशेबाने तिथली सहा झाडंच जवळपास तेवढ्याची भरतात, तेही 1979 च्या रुपयांत.