पाप ‘पदरी घेणे’ : शिरूर-दौंड परिसरातील ख्रिस्ती पापांगीकाराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

ख्रिस्ती जीवनात पापांगीकारास मध्यवर्ती स्थान आहे. मात्र पापाची कबुली कोणासमोर द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर सर्व पंथांनी एकसारखे दिलेले नाही. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या संदर्भात या प्रथेचा विचार केला आहे. विशेषतः केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धार्मिक जागृतीत पापांगीकाराला कोणता सामाजिक अर्थ प्राप्त झाला, हे पाहणे हा लेखाचा उद्देश आहे.

पापांगीकाराचे दोन प्रवाह :

रोमन कॅथलिक परंपरेत १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे असा नियम केला. पोर्तुगीजांबरोबर ही प्रथा गोव्यात आली आणि कोकणीत ‘कुमसार’ या नावाने रूढ झाली. येथे कबुली एकांतात दिली जाते आणि ऐकणाऱ्या धर्मगुरूवर गुप्ततेचे बंधन असते.

प्रॉटेस्टंट सुधारणेने धर्मगुरूची ही मध्यस्थी सामान्यतः नाकारली. १८१३ साली मुंबईत सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरला व पुढे शिरूरला पोहोचले. शिरूरचे केंद्र रेव्ह. रिचर्ड विन्सर यांनी दीर्घकाळ सांभाळले व तेथील औद्योगिक शाळेस सर दिनशा माणकजी पेटिट यांचे नाव देण्यात आले. हे मिशन मुख्यतः काँग्रिगेशनल विचाराचे होते. त्या विचारानुसार पश्चात्ताप हा प्रथम व्यक्ती आणि ईश्वर यांच्यातील विषय आहे. पण सभासदत्वाची साक्ष मंडळीसमोर द्यावी लागते आणि उघड गैरवर्तनाचा निर्णयही मंडळीच करते. म्हणजे धर्मगुरूच्या कानाची जागा येथे मंडळीच्या नजरेने घेतली.

पंडिता रमाबाई आणि मध्यस्थीचा प्रश्न :

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. तरीही सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आपल्या सदसद्विवेकावर कोणाही मानवी अधिकाऱ्याची सत्ता मानण्यास स्पष्ट नकार दिला. १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी असे नमूद केले की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला आणि ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी. पापाची जाणीव ही बाहेरून लादता येत नाही, ती आतूनच व्हावी लागते, हा त्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष होता.

केडगाव, १९०५ :

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणून केडगाव येथे आश्रय दिला. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही अनेकींना आणण्यात आले. वेल्समधील १९०४ च्या जागृतीची वार्ता आल्यावर जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी विशेष प्रार्थनागट सुरू केला. आरंभी सुमारे ७० जणी होत्या. जूनपर्यंत ही संख्या सुमारे ५५० झाली. जूनच्या अखेरीस या जागृतीस तोंड फुटले. मुली मोठ्याने रडत आपली पापे बोलून दाखवू लागल्या आणि वर्ग बंद ठेवावे लागले. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये पुस्तिका लिहून या अनुभवाचे विवेचन केले. या आक्रोशाकडे भावनातिरेक म्हणून पाहणारेही होते. रमाबाईंनी मात्र तो थोपवला नाही.

‘पदरी पडणे’ आणि ‘पदरी घेणे’ :

या घटनेचा अर्थ लावताना एका मराठी शब्दप्रयोगाकडे लक्ष जाते. मराठी बायबलमध्ये पापांगीकारासाठी ‘पापे पदरी घेणे’ असा प्रयोग आढळतो. विधवेच्या स्थितीत पाप हे ‘पदरी पडलेले’ असे. वैधव्य म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तपशीलवार मांडली होती. अशा पापाची कबुली देता येत नाही, कारण ते करणाऱ्यालाच आठवत नाही. त्याची केवळ शिक्षा भोगावयाची असते.

‘पदरी घेतलेले’ पाप मात्र याच जन्मीचे असते. त्याला नाव असते, त्याचा कर्ता ठाऊक असतो आणि म्हणून त्याची क्षमाही मागता येते. जिच्यावर जन्मजात दोष लादला गेला होता, ती स्त्री पापांगीकारात स्वतःच्या कृतीची जबाबदार कर्ती ठरते. दोषी ठरवणे आणि दोष मान्य करणे यांतील हे अंतर सामाजिकदृष्ट्या फार मोठे आहे.

तथापि या विवेचनास एक मर्यादा आहे. कबुली देणाऱ्या मुली अन्न, वस्त्र व निवारा यांसाठी त्याच संस्थेवर अवलंबून होत्या. त्यामुळे सामूहिक वातावरणाचा दबाव नाकारता येत नाही. शिवाय केडगावला आलेल्या सर्वजणी विधवा नव्हत्या. दुष्काळग्रस्त अनाथ मुलींची संख्या मोठी होती. जागृतीची वर्णने प्रामुख्याने मिशनरींच्या इंग्रजी लेखनातून आली असून त्यांचा वाचक परदेशातील हितचिंतक होता. त्यामुळे कबुलीतून मिळालेली मुक्ती आणि कबुलीतून घडणारी शिस्त या दोन्ही बाजू एकत्रच वाचल्या पाहिजेत.

समारोप :

शिरूरची मंडळी आणि केडगावची प्रार्थनासभा या दोन्ही ठिकाणी पापांगीकार सार्वजनिक होता. पण पहिल्यात मंडळीची शिस्त प्रधान होती, तर दुसऱ्यात स्त्रियांचा स्वतःचा उच्चार. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेत सर्वजण मिळून पापांगीकार करतात. त्या संयत पद्धतीत १९०५ चा आक्रोश ऐकू येत नाही. परंतु महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाचा इतिहास लिहिताना केडगावच्या त्या रात्रींना केवळ धार्मिक उन्माद म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. ज्यांच्याविषयी नेहमी इतरांनीच निवाडा दिला, त्या स्त्रिया तेथे स्वतःविषयी स्वतः बोलल्या, हे त्यांचे ऐतिहासिक मोल आहे.