वृत्तछायाचित्रकाराची साक्ष

इतिहासाचीं साधनें पारखतांना जुन्या कागदांवर आपण जितका संशय घेतों, तितका छायाचित्रांवर घेत नाहीं. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांचा छायाचित्रकार आर्थर फेलिग ऊर्फ ‘वीजी’ (१८९९–१९६८) ह्याची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १९३५ पासून तो कोणाची चाकरी न करितां हा धंदा करूं लागला. बिऱ्हाड पोलीस कचेरीजवळच. १९३८ पासून मोटारींत पोलिसांचा रेडिओ. मागल्या पेटींत टंकलेखनयंत्र, झोतदिवे, शिवाय चिरूट! रात्रभर खून, आगी, अपघात. प्रेतापेक्षां भोंवतालच्या बघ्यांचे चेहरे टिपण्याकडे त्याचा ओढा असे, आणि आमच्या मतें त्याचें मोल तेथेंच आहे.

परंतु १९४३ सालचें ‘द क्रिटिक’ हें त्याचें गाजलेलें चित्र घ्या. ऑपेरागृहाच्या दारीं रत्नांनीं मढलेल्या दोन धनिक स्त्रिया, व त्यांजकडे रोखून पाहणारी एक फाटकी बाई. ह्या बाईला दारू पाजून मुद्दाम तेथें आणिलें होतें, असें त्याच्या मदतनिसानेंच पुढें सांगितलें. दागिने खरे, दारिद्र्य खरें. गांठ तेवढी घालून दिलेली. असलें चित्र साधन म्हणून टाकून द्यावें असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र मदतनिसाची ही जबानी खालीं छापल्यावांचून तें इतिहासाच्या पुस्तकांत घालूं नये.