खतावणीतला खंडेराव

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला सारे जग दोन रकान्यांत दिसू लागते: जमा आणि नावे. माळा आवरताना एक जुनी फ्लॉपी सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘खंडेराव, लेव्हल ५’. ‘हे कोण?’ सौभाग्यवतींनी संशयाने विचारले. ‘जुना खातेदार,’ मी म्हणालो.

खंडेराव म्हणजे १९९८ सालच्या ‘बाल्डर्स गेट’ या संगणकी खेळातला माझा योद्धा. एक पात्र घडवायचे, त्याला बळ, बुद्धी, पैसा मिळवून द्यायचा, अशी या खेळांची रीत. हे पात्र राहते फाइलीत. आणि फाइल म्हणजे लेजरचे पानच. फक्त रकान्यांना मथळे नसलेले.

या पेढीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९८१ साली ॲपल टू संगणकावर ‘विझर्ड्री’ आला. अख्ख्या फ्लॉपीची जागा १,४३,३६० बाइट. आज सकाळी येणारा गुलाबाचा ‘सुप्रभात’सुद्धा बहुधा तीत मावणार नाही! योद्धा मेला की तशी नोंद लगेच फ्लॉपीवर पडे. म्हणून हुशार खेळाडू नोंद पडायच्या आत फ्लॉपीच ओढून काढत. लेजर घेऊन पळणारा कर्जदार मी अजून पाहिलेला नाही, पण वृत्ती ओळखीची वाटली.

१९८२ साली दुसरा भाग निघाला. त्यात शिरायला पहिल्या भागातलेच पात्र लागे. म्हणजे जुन्या खातेदाराची ओळख हवी. १९८३ च्या तिसऱ्या भागात जुन्या वीरांचे वंशज आले. नॉमिनीच की! १९८५ च्या ‘बार्ड्स टेल’ने तर कहर केला. कंपनी वेगळी, पण ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा थ्री’मधली पात्रे हा खेळ खुशाल आपल्याकडे घेई. शेजारच्या बँकेचे खातेदार, तेही पासबुकासकट! अर्थात शेजाऱ्याच्या पानावर ताकद कुठे आणि सोने कुठे लिहितात, हे कुणाला तरी ठाऊक असल्याशिवाय ते जमणार नव्हते.

मेख तिथेच आहे. पानावरचा १८ जसाच्या तसा राहतो. पण तो ताकदीचा की वयाचा, हे सांगणारा गेला की पान मुके होते.

मी नोकरीत नवा असताना आमच्या शाखेतले एक जुने लेजर-कीपर निवृत्त झाले. एका म्हाताऱ्या बाईंच्या पानावर समासात त्यांनी लाल टिंब देऊन ठेवले होते. आम्ही तिघांनी डोकी खाजवली. एकाला त्यात अफरातफरीचा वास आला. शेवटी त्यांचे घर गाठले. ‘अरे, बाईंना ऐकायला कमी येतं,’ ते म्हणाले. ‘बोलायचं मोठ्यानं, पण शिल्लक कागदावर लिहून दाखवायची. मुलगा दाराशी उभा असतो.’

खंडेरावाचे नशीब बरे. या खेळाच्या चाहत्यांनी बाइटन्‌ बाइट मोजून त्याच्या पानाचे मथळे लिहून ठेवलेत: पहिली चार अक्षरे फाइलीच्या जातीची, पुढची चार आवृत्तीची, मग ३२ बाइट नावाला. ना पगार, ना ओव्हरटाइम!

मी ऐटीत फ्लॉपी भाच्यापुढे धरली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, ‘मामा, पण ही घालायची कुठे?’

घरात तशी खाचच उरलेली नाही. मी फ्लॉपी परत डब्यात ठेवली आणि सोबत एक चिठ्ठी घातली: कोण, कुठल्या खेळातला, कुठल्या सालचा. चिठ्ठीखाली लाल टिंब द्यायचा मोह मात्र आवरला.