स्टेपेलिया

स्टेपेलिया (शास्त्रीय नाव : स्टेपेलिया जायगँशिया, कुल : अपोसायनेसी). दक्षिण व आग्नेय आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ भागातील मांसल शोभेची वनस्पती. रोपवाटिकांत ‘स्टारफिश कॅक्टस’ म्हणून विकली जात असली, तरी ती निवडुंग नसून रुईच्या कुलातली आहे. एन. ई. ब्राउन यांनी १८७७ मध्ये या जातीचे वर्णन केले.

खोड चौधारी, मऊ लव असलेले, सुमारे २० सेंमी. उंच असून बुंध्यापासून फुटव्यांचा झुपका होतो. पाने जवळजवळ नसतातच. अन्न हिरवे खोड तयार करते. पर्णरंध्रे रात्री उघडत असल्याने पाणी कमी खर्च होते.

फूल पाहावे असेच. फुगीर कळी पाच पाकळ्यांत उलगडते आणि २५ ते ३५ सेंमी. व्यासाची, फिकट पिवळी, तांबूस नागमोडी रेघांची, केसाळ चांदणी तयार होते. तिला सडक्या मांसाचा वास येतो. फसलेल्या माश्या फुलाच्या मध्यभागी पांढरी अंडी घालतात. अळ्यांना खायला काहीच मिळत नाही व त्या मरतात. या धडपडीत माशीला परागपिंड चिकटतात आणि दुसऱ्या फुलात पोहोचतात. फळे जोडीने येतात. बियांना रुईसारखा रेशमी झुबका असतो.

कोल्हापुरात शाहूपुरीसारख्या दाट वस्तीतल्या गच्चीवर ती कुंडीत सहज वाढते. कुंडी मातीची, उथळ, तळाला भोक असलेली घ्यावी. मातीत निम्मी जाड वाळू व विटांचा चुरा घालावा. येथील पावसाळ्यात खोड बुडापासून कुजते, म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली ठेवणे आवश्यक. फुटवा तोडल्यावर जखम आठवडाभर सुकू द्यावी, मगच लावावा. फुलण्याच्या दिवसांत कुंडी खिडकीपासून दूर बरी.

या पाहुणीचे सख्खे गोत सह्याद्रीत आहे : शिवनेरीवरची शिवसुमन (फ्रेरिया इंडिका) आणि कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिया) अनेक जाती. त्यांतील सेरोपेजिया शिवरायीना ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या विशाळगडावरून २०२३ मध्ये नव्याने नोंदवली गेली. २०१७ मध्ये ब्रॉइन्स व सहकाऱ्यांनी स्टेपेलिया प्रजाती सेरोपेजियातच विलीन केली. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने कंदीलपुष्पांच्या संवर्धनासाठी केलेले काम मोलाचे आहे. या देशी जाती मोजक्या कड्यांवर कशाबशा टिकून आहेत. स्टेपेलियाचा तुटका फुटवाही मातीत रुजतो. म्हणून छाटलेले तुकडे पन्हाळा, जोतिबाच्या डोंगरावर किंवा गडांच्या वाटेवर टाकू नयेत.