कढईतली कॉफी आणि ‘असणारच’

मागच्या पावसाळ्यात विरारच्या घरी मी कॉफीच्या कच्च्या बिया भाजायला घेतल्या. पाव किलो, चिकमगळूरहून मागवलेल्या. लोखंडी कढई आणि लाकडी उलथणं, बस्स. शेंगदाणे भाजतो तसं सतत हलवत राहायचं. हिरवट बी आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. २०० अंशांच्या आसपास आतल्या वाफेच्या दाबाने ते तडतडतं. तिथून पुढे लक्ष हवं. माझा पहिला घाणा कोळसा झाला आणि आई धावत आली, “काय गं जळलं?”

तुम्ही म्हणाल, संशोधनाच्या ब्लॉगवर कढई कशाला? सांगते.

कोर्सवर्कसाठी मी एक छोटा निबंध लिहीत होते : आपल्याकडे कॉफी कधी आली? उत्तर सगळ्यांना पाठ असतं. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. पण ती झाडाची कथा आहे, पेयाची नाही.

पेयाचा माग वेगळा लागतो. एडवर्ड टेरी हा इंग्रज पाद्री १६१६ मध्ये सुरतेला उतरला आणि पुढे टॉमस रो या वकिलाबरोबर मुघल दरबारात राहिला. त्याचा वृत्तांत १६२५ मध्ये छापला गेला. त्यात तो सांगतो, की धर्म काटेकोर पाळणारे अनेक लोक दारू पीत नाहीत. ते एक काळं बी पाण्यात उकळून पितात. हीच कॉफी. येमेनमधल्या मोखा बंदराशी सुरतेचा व्यापार होताच.

आपल्या भाषेतही हे दोन धागे वेगळे दिसतात. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला ‘बुंद’ किंवा ‘बुंददाणा’ म्हणत. तो अरबी ‘बुन्न’वरून आला. ‘कहवा’ आला ‘कहवा’ याच अरबी शब्दावरून, म्हणजे पेयाच्या नावावरून. एकाच वस्तूचे दोन शब्द, दोन प्रश्न. म्हणून पहिला धडा : ‘कधी आली?’ विचारण्याआधी ‘काय आलं?’ ते ठरवा. झाडासाठी कच्चं, ताजं बी लागतं. भाजलेल्या बीमधला गर्भ मेलेला असतो, आणि कच्च्या बीचीही उगवणशक्ती साधारणपणे काही महिन्यांतच जाते. पेयासाठी हे काहीच आड येत नाही.

आता कढईकडे या. टेरीचा ‘काळं’ हा शब्द मी आधी नुसताच वाचून पुढे गेले होते. हातात हिरवट बी आल्यावर थबकले. कच्चं बी काळं नसतं! म्हणजे टेरीने पाहिलेलं बी भाजलेलं होतं. मी लगेच लिहून टाकलं. पुढे आणखी एक वाक्य जोडलं : ‘सुरत आणि मुंबईच्या मधे असलेल्या वसईतही त्या काळी घरोघरी कॉफी भाजली जात असणारच.’

गाइडनी दोन्ही वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली. पहिल्यापाशी विचारलं, “वाळलेलं अख्खं फळ कसल्या रंगाचं असतं?” काळपट. म्हणजे भाजलेलं असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. दुसऱ्यापाशी फक्त ‘असणारच’ला गोल केला होता. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. सुरत तेव्हा मुघलांकडे. नकाशावर जवळ आहे म्हणून सवयही तीच, असं कसं धरायचं?

खरं सांगू, वाईट वाटलं. वसई माझं गाव. ते वाक्य मला हवं होतं. नेमकं म्हणूनच ते तपासायला हवं होतं.

पहिलं वाक्य मी ‘बहुधा’ घालून ठेवलं, दुसरं काढलं. निबंध दोन ओळींनी बारीक झाला, पण मौखिक परीक्षेत त्यातल्या प्रत्येक ओळीची बाजू मला मांडता आली.

तुमच्या मसुद्यात आज एवढंच करा. ‘असणारच’, ‘साहजिकच’, ‘अर्थातच’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकासमोर पुरावा लिहा. जागा रिकामी राहिली, तर वाक्य कितीही आवडतं असो, काढा.

दुसरा घाणा मात्र छान जमला. २५० ग्रॅमचे २१० उरले. पाणी उडालं, टरफल उडालं.