बुलढाण्यातील एक वाचक : ताराबाई शिंदे यांनी पुराणे आणि कादंबऱ्या कशा वाचल्या?

१/ इ. स. १८८२. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक छोटेखानी पुस्तक बाहेर पडले. प्रती ५००, किंमत ९ आणे, नाव ‘स्त्री-पुरुष तुलना’. लेखिका पुण्या-मुंबईच्या नव्हत्या. त्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या होत्या. ताराबाई शिंदे यांचे हे पहिले पुस्तक आणि शेवटचेही. #इतिहास #थ्रेड

२/ स्त्रीमुक्तीचा आद्य मराठी निबंध अशी या पुस्तकाची ओळख करून दिली जाते आणि ती रास्तच आहे. त्याकडे आणखी एका अंगाने पाहता येते. एकोणिसाव्या शतकातील एका मराठी स्त्रीने जुनी पुराणे, संस्कृत सुभाषिते आणि आपल्या काळातील ताज्या कादंबऱ्या-नाटके वाचली. वाचताना तिला काय वाटले, याची ही दुर्मीळ नोंद आहे. हा धागा त्या वाचनाविषयी.

३/ ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. चार भावांत ही एकुलती एक मुलगी. वडिलांनी तिला मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही शिकवले.

४/ तो काळ लक्षात घ्यावा लागतो. वऱ्हाड नावाला निजामाचे, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. मुलींच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मराठा घराण्यांत स्त्रियांना गोषा. ताराबाई प्रस्तावनेत स्वतःला घरातच कोंडलेली, मतिमंद अबला म्हणवून घेतात. अशा घरात पुस्तक ही बाहेरच्या जगाकडे उघडणारी मोजक्या खिडक्यांपैकी एक होती.

५/ निबंध लिहिण्यास निमित्त ठरला एक खटला. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात मुलाला मारल्याचा आरोप सिद्ध झाला. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे दाद मागितल्यावर ती कमी करून काळ्या पाण्याची करण्यात आली. पुनर्विवाहाची वाट बंद, गर्भ उघड झाला तर बहिष्कार, आणि मुलाचा बाप कोठेच नाही : खटल्याचे मूळ येथे होते.

६/ वृत्तपत्रांतील चर्चा मात्र निराळ्याच दिशेने गेली. ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या दुर्वर्तनावर लेखणी चालवली. एका स्त्रीचा गुन्हा हा सगळ्या स्त्रियांच्या स्वभावाचा पुरावा ठरला. ताराबाईंनी हे वाचले. आणि हा ‘स्वभाव’ आला कोठून, याचा शोध घेत त्या पुस्तकांपर्यंत पोहोचल्या.

७/ प्रथम जुने वाङ्मय. भर्तृहरीच्या ‘शृंगारशतका’त स्त्रीला नावे ठेवणारा एक प्रसिद्ध श्लोक आहे. तीत ती संशयांचा भोवरा ठरते, उद्धटपणाचे घर, साहसांचे नगर, दोषांचे कोठार, कपटांची खाण, स्वर्गाच्या दारातील अडसर. शतकानुशतके हा श्लोक पाठ केला गेला, सुभाषित म्हणून सांगितला गेला.

८/ ताराबाईंनी त्यातील एकेक विशेषण सुटे केले आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला : हा दोष स्त्रीत अधिक की पुरुषात? विश्व निर्माण करणाऱ्याने स्त्री-पुरुष दोघांनाही घडवले असेल, तर सारे दुर्गुण एकाच्याच वाट्याला कसे आले? निबंधाचा मोठा भाग हा एका श्लोकाचा असा शब्दशः झाडा आहे. संस्कृत टीकाकार पदापदाची फोड करतात, तीच पद्धत येथे उलट दिशेने वापरलेली दिसते.

९/ येथे एक शब्द नीट समजून घ्यायला हवा. पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकात स्त्री व पुरुष यांत ‘साहसी’ कोण, हे स्पष्ट करण्याची प्रतिज्ञा आहे. आजचा वाचक त्याचा अर्थ ‘धाडसी’ असा घेईल. धर्मशास्त्रात मात्र ‘साहस’ म्हणजे बळजोरीचा गुन्हा : खून, दरोडा, परस्त्रीवर हात टाकणे. श्लोकातील ‘साहसांचे नगर’ हा आरोप त्या अर्थाचा आहे आणि उपशीर्षकातील प्रश्नही त्याच अर्थाचा. गुन्हेगार कोण?

१०/ उत्तर द्यायला ताराबाई पोथीबाहेर येतात आणि थेट तुरुंगाकडे बोट दाखवतात. खोट्या नोटा, लाचलुचपत, विषप्रयोग, खोट्या साक्षी, दुसऱ्याची बायको पळवणे. या गुन्ह्यांसाठी तुरुंगात पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी कोणाची असते? स्त्रियांची की पुरुषांची? शतकांपूर्वीच्या श्लोकाला त्यांनी १८८२ च्या कैदखान्याचा हिशेब लावला.

११/ पुराणकथांचे वाचनही याच रीतीचे. सावित्रीची कथा प्रत्येक मुलीला पातिव्रत्याचा धडा म्हणून ऐकवली जाई. ताराबाईंना त्या कथेत एक उणीव दिसली. नवऱ्याच्या प्राणांसाठी सावित्री यमाच्या मागे गेली. बायकोच्या प्राणांसाठी त्या वाटेवर एक पाऊल तरी टाकलेला नवरा कोणी ऐकला आहे काय? कथा तीच राहिली. मात्र ऐकणाऱ्या पुरुषाला ती आता अवघड वाटू लागली.

१२/ पती हा देव, या वचनाचेही तसेच. त्यांचे म्हणणे असे की, बायकोने नवऱ्याला देव मानायचे असेल, तर नवऱ्यानेही देवासारखे वागायला हवे. बायको मेली की दहाव्याच दिवशी दुसरीची बोलणी. नवरा मेला की बाईचे केस गेले, अलंकार गेले, मंगलकार्यातील जागा गेली. एकाच घटनेचे असे दोन निकाल शास्त्राने का दिले, असे त्या विचारतात. शास्त्र लिहिणारे पुरुष होते, हे त्यांच्या उत्तराचे सूत्र.

१३/ आता समकालीन साहित्य. मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची, महादेव बाळकृष्ण चितळे यांचे ‘मनोरमा’ नाटक १८७१ चे. ही पुस्तके हौसेने वाचली जात. त्यांच्या जोडीला रामजी गणोजी यांचे ‘स्त्रीचरित्र’ होते : स्त्रियांच्या लबाडीच्या कथांचा संग्रह. ताराबाई या चारही पुस्तकांची नावे घेऊन बोलतात.

१४/ या नव्या वाङ्मयावर टीका करणारे पुरुषही होते. का. बा. मराठे यांनी १८७२ मध्ये नाव्हेल व नाटक यांविषयीच्या निबंधात अद्भुताच्या अतिरेकावर बोट ठेवले होते. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ भाषा आणि रसिकता यांची चर्चा करीत होती. कथानक संभवनीय आहे काय, भाषा शुद्ध आहे काय, असे त्यांचे प्रश्न.

१५/ ताराबाईंचा प्रश्न वेगळा होता. या पुस्तकांतील बाई कोणी पाहिली आहे? स्त्रीची कपटे रंगवणाऱ्या लेखकांनी पुरुषांची कपटे का लिहिली नाहीत? त्या स्वतःच्या आसपासच्या बायका जाणत होत्या. गोड बोलून फसवणारा पुरुष, नंतर अंग काढून घेणारा पुरुष, आणि मागे उरलेली, गावाच्या तोंडी लागलेली मुलगी किंवा विधवा : ही गोष्ट घरोघरी ठाऊक होती, पण कादंबरीत तिला जागा नव्हती.

१६/ येथे त्यांच्या वाचनाचे मोल कळते. श्लोक, कथासंग्रह, कादंबरी आणि वर्तमानपत्र ही त्यांना चार निराळी दालने वाटली नाहीत. श्लोकाने जे सांगितले ते ‘स्त्रीचरित्रा’ने करमणूक म्हणून सांगितले, आणि १८८१ मध्ये संपादकांनी तेच मत एका खऱ्या विधवेला लावले. पुस्तकातील बाई आणि आरोपीच्या पिंजऱ्यातील बाई यांच्यामधली ही वाट ताराबाईंनी ओळखली.

१७/ त्यांना आजच्या साच्यात बसवण्याचा मोह मात्र टाळावा. पातिव्रत्याचा आदर्श त्यांनी फेकून दिलेला नाही. उलट स्त्रिया तो पाळतात, पुरुष काय पाळतात, असा त्यांचा सवाल आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. ते स्त्रियांना उद्देशून आहे : शिका, स्वतःला घडवा. ताराबाई पुरुषांना समोर उभे करून बोलतात, आणि बोली भाषेतील टोमणे, म्हणी, शेलक्या शिव्या यांची उणीव ठेवत नाहीत.

१८/ पुस्तकाचे स्वागत कडवट झाले. खुद्द सुधारणेची भाषा बोलणाऱ्यांतूनही त्याची टवाळी झाली. जोतीराव फुले मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, त्यांचा ममतेने उल्लेख करून त्यांनी टवाळी करणाऱ्या संपादकांना फटकारले. यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

१९/ पुढची अनेक दशके या निबंधाला वाचक जवळजवळ उरले नाहीत. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी जुनी प्रत शोधून तो पुन्हा प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि निबंध जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला. ज्या कादंबऱ्यांशी ताराबाई भांडल्या, त्या आज मुख्यतः अभ्यासकांच्या कपाटात आहेत.

२०/ निबंध लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. शक्य असेल तर मोठ्याने वाचावा. वाक्ये कानाने घ्यायची आहेत. आणि तो संपल्यावर आपल्या आवडीची एखादी जुनी कादंबरी काढून ताराबाईंचा प्रश्न तिला विचारून पाहावा : यातली बाई कोणी पाहिली आहे? (धागा समाप्त)